ज्याच्याकडं तोंड, त्यालाच

"सुजाता, हे तुझे सासरे ना गं?" असं म्हणत मालगावे मॅडमनी त्यांचा मोबाइल माझ्या टेबलावर सरकवला, तेव्हा मी बोनाफाईडच्या गठ्ठ्यावर शिक्के मारत होते. परीक्षेच्या फॉर्मांचे दिवस, कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर पोरांची झुंबड, आणि मॅडमना मोबाइल दाखवायची हौस. मी एका डोळ्यानं पाहिलं. फोटो आप्पांचाच होता. दाराच्या चौकटीत ताठ उभे, पांढरी टोपी, चेहरा रेशनकार्डावर असतो तसा. तो फोटो मीच काढला होता.

मॅडम कौतुक करत होत्या. त्यांच्या मिस्टरांचे सहा यंत्रमाग आहेत. त्यातला एक महिनाभर आडवं सूत नेणारा धोटा फेकून देत होता, चार माणसं येऊन बघून गेली. मिस्टरांनी 'पार'वर विचारलं तर या म्हाताऱ्या माणसानं चार ओळींत दुखणं सांगितलं आणि माग चालू झाला. "घरात असा हिरा आहे आणि तू कधी बोलली नाहीस," असं म्हणून त्या चहाला गेल्या, मोबाइल तिथंच ठेवून.

त्या वर्षी इचलकरंजीत 'पार' नावाच्या ॲपचं खूळ आलं होतं. गावच्या पारावर चार टाळकी जमतात तसे त्यात गट होते. कुठं गावच्या बातम्या, कुठं कालवणं-आमट्या, कुठं जुन्या मागांची दुरुस्ती. ज्याला जिथं बसायचं तिथं बसावं, बोलावं. आप्पांचं खातं मीच उघडून दिलं होतं. सासूबाई गेल्या, पाठोपाठ घरामागच्या शेडातले माग भंगारात गेले, आणि माणूस दिवसभर पेपरची घडी घालत-उलगडत बसायला लागला. म्हटलं, माग दुरुस्त करणारे चार जुने जॉबर भेटतील तर बोलतील तरी. खातं उघडताना त्या ॲपनं पंधरा प्रश्न विचारले. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी दिसेल त्यावर 'हो' दाबत गेले.

आता मॅडमच्या मोबाइलवर मी आप्पांच्या नावावर बोट ठेवलं, तर खाली यादीच उघडली. आप्पा कुठल्या कुठल्या गटात जाऊन काय काय बोलले, तारीखवार, एकाखाली एक. पाणी आलं नाही ही तक्रार. धोट्याचं दुखणं. आणि त्याच्या खाली एका गटाचं नाव होतं, 'कमी ऐकू येणाऱ्यांची बैठक'.

मला वाटलं, कुणाला तरी सल्ला देत असतील. मी वाचलं.

'नमस्कार. मी यंत्रमागावरचा जॉबर. वय एकोणसत्तर. दोन्ही कान गेले आहेत. घरात कोणास माहीत नाही. मंडळी होती तोवर ती सांभाळून घेत असे. आता माणसांच्या तोंडाकडे बघून चालवतो. शेडात चाळीस वर्षे तेच केले.'

मॅडम चहा घेऊन परत येताना दिसल्या. मी घाईघाईनं मोबाइल पालथा केला. 

आप्पांचं नाव रामलिंग मुरदंडे. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. माग अडून बसला की विणकर त्याला बोलावतो. आप्पा नुसता हात लावून सांगायचे म्हणे, कुठं दुखतंय. पण घरात मुखस्तंभ. मी मूळची मिरजेची आणि तोंडाची फटकळ. स्वयंपाक करताना मला कुणाशी तरी बोलल्याशिवाय भाजी परतता येत नाही. गॅसकडं तोंड करून मी लग्नापासून बडबडत आले, आणि मागं जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या आप्पांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देणारा सासरा मिळाला म्हणून मी माहेरी मिरवत असे. एखाद्या दिवशी रागही यायचा, माणूस नुसतं 'हूं' तरी म्हणेल. आता कळलं की सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. मुळात आत काही गेलंच नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या मोबाइलवर सगळं वाचून काढलं. डबा तसाच राहिला.

'माझी नात पहिलीत आहे. तिला शाळेत नेणे-आणणे माझ्याकडे आहे. तिचे वरचे पुढचे दोन दात पडले. तेव्हापासून तिचे बोलणे ओठांवरून समजत नाही. ती वाटभर बोलते. मी मान हलवतो. पाप वाटते. दात येण्यास किती दिवस लागतात?'

अकोल्याच्या कुणा बाईंनी उत्तर दिलं होतं, तीन-चार महिने. आप्पांनी लिहिलं होतं, 'आभारी आहे. थांबतो.'

आणखी खाली कुणी विचारलं होतं, काका, घरी सांगत का नाही? त्यावर आप्पांच्या दोनच ओळी होत्या. 'सांगितले तर पोरगीला माझ्याबरोबर पाठवणार नाहीत. माग गेले. आता तेवढेच काम आहे.'

हे शेवटचं वाचून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

आप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा नवरा उमेश, त्यांचा एकुलता मुलगा, सुताला खळ लावतात त्या सायझिंगमध्ये सुपरवायझर आहे. माणूस जिवाला जीव देणारा, पण काळजी करायची त्याची तऱ्हा दांडगी. आप्पा एकदा शिडीवरून एक पायरी घसरले, तर दुसऱ्या दिवशी घरात शिडी नव्हती. बहिऱ्या माणसाचा हात धरून आपली सहा वर्षांची पोर ट्रकांच्या रस्त्यावरून शाळेला जाते, हे त्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत शाळेची रिक्षा ठरली असती आणि आप्पा पुन्हा पेपरची घडी घालत बसले असते. आणि कळायला वेळ लागणार नव्हता. उमेश 'पार'वर होता. पुण्याची नणंद वंदनाताई होती. आमची अर्धी गल्ली होती. आप्पांच्या नावावर कुणाचं बोट पडायचा अवकाश होता. ते दार सताड उघडं टाकलं होतं मी, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

बंद करणं सोपं होतं. खात्यात एक पान होतं, 'तुमचा वावर कोणाला दिसावा?' त्यात तीन पर्याय. सर्वांना. त्या त्या गटापुरता. मी निवडलेल्या माणसांना. आप्पांचा मोबाइल रात्रभर कपाटावर पडलेला असे, कुलूप नाही काही नाही. मी गुपचूप पर्याय बदलला असता तर कुणाला पत्ता लागला नसता.

मी तीन दिवस तसं केलं नाही. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाचायचं होतं. बैठक एकदा त्या गटापुरती झाली असती की मलाही दिसली नसती. नऊ वर्षं ज्या माणसाला मी वाढलं, त्याचं मन मला पहिल्यांदा वाचायला मिळत होतं. तोंडानं दोन शब्द बोलायला जड जाणारे आप्पा तिथं सुरेख लिहीत होते. सासूबाई समोरच्याचं बोलणं त्यांना नंतर कसं सांगायच्या ते लिहीत. शेडात बोलणं कसं चाले ते लिहीत. चोवीस मागांच्या खडखडाटात आवाज वाया, म्हणून सगळे ओठांनी बोलत. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी घरचं सुखदुःख बोले, मधल्या दहा जणांना गंध नसे. मी हे चोरून वाचत होते आणि मला ते सोडवत नव्हतं.

पण आमच्या पोरीचं, गार्गीचं काय?  चौथ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि शाळा सुटायच्या वेळी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहिले. शोभलं नाही मला ते, पण राहिले.

आप्पा फाटकाशी सर्वांच्या पुढं उभे होते. गार्गी आली, दप्तर त्यांच्या खांद्यावर गेलं, तिचा हात त्यांच्या मुठीत. मी चाळीस पावलं मागून चालले. आप्पा रस्त्याच्या उजव्या कडेनं जात होते, म्हणजे गाड्या समोरून येतील आणि दिसतील. बाजारातला सरळ रस्ता सोडून त्यांनी देवळामागचा बोळ धरला, दुपटीनं लांबचा. गार्गीची टकळी चालू होती आणि आप्पा मान हलवत होते. काहीही न कळता ते इतक्या गंभीरपणे मान हलवत होते की मला चालवेना.

बोळ संपून मोठा रस्ता आला, त्याची उजवी कडा अडलेली, म्हणून डावीनं चालणं भाग होतं. तिथं मी पाहिलं. मागून टेम्पो आला आणि बोलता बोलता, मान न वळवता, गार्गीनं आप्पांचा पंजा दाबला. आप्पा लगेच कडेला सरले. टेम्पो गेला. पुढं एक मोटारसायकल आली. तिनं परत हात दाबला, आणि तिची गोष्ट पुढं चालूच.

संध्याकाळी केस विंचरताना मी तिला विचारलं, आप्पांचा हात का दाबतेस गं?

"मागनं गाडी आली की दाबायचा. आमचं ठरलंय."

"आप्पांनी सांगितलं?"

"नाही. मीच ठरवलं. आप्पांना मागचं ऐकू येत नाही ना."

"तुला कुणी सांगितलं असं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" तिनं दात नसलेल्या फटीतून हवा सोडत विचारलं. "मी रोज त्यांच्याबरोबर असते की."

मी वेणी घातली. आम्ही दोघं मोठी माणसं एका घरात राहून बघितलं नव्हतं, ते या पोरीनं न सांगता सांभाळलं होतं. अभिमान वाटला, आणि तितकीच भीती वाटली. सहा वर्षांच्या पोरीच्या बोटांवर एवढं ओझं टाकायचं नसतं. एखाद्या दिवशी गोष्ट फार रंगली आणि हात दाबायचा राहिला तर? घरात सांगायला हवं होतं. पण ते सांगणं आप्पांचं होतं, माझं नव्हतं. आणि त्याआधी, आपण उघड्यावर बसलो आहोत एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी उमेश टीव्हीवर मॅच बघत होता, आवाज मोठा. गार्गी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. आप्पा खिडकीशी खुर्चीत पेपर घेऊन. मी भुईमुगाच्या शेंगांची परात घेतली आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. त्यांनी पेपर खाली केला, सून समोर येऊन बसली म्हणजे काही काम असणार.

मी तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही. नुसत्या ओठांनी म्हटलं, आप्पा.

त्यांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

मी एकेक शब्द सुटा करत, आवाजाशिवाय, पुढं बोलले. तुम्ही 'पार'वर लिहिता ते सगळ्यांना दिसतं.

आधी त्यांनी उमेशकडं पाहिलं. त्याची आमच्याकडं पाठ होती. मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, आणि मला वाटलं, हे आपण काय करून बसलो. मग त्यांचे ओठ हलले. चाळीस वर्षं शेडात हलले असतील तसेच, स्वच्छ, जरा जास्त रुंद. मी आयुष्यात कधी ओठ वाचले नव्हते, पण ते मलाही वाचता आलं.

कुणाला?

ज्याला बघायचं असेल त्याला, मी म्हटलं.

तू बघितलंस?

हो.

त्यांनी डोळे मिटून घेतले.  डोळे मिटले की त्यांना कुणाचंच काही कळणार नव्हतं, मी कितीही बोलले तरी.  मी शेंगा सोलत राहिले, एकही तोंडात न टाकता, आणि वाट बघितली. डोळे उघडल्यावर ते ओठांनीच बोलले.

शेडात ज्याच्याकडं तोंड, त्यालाच कळतंय. मला वाटलं, हितं बी तसंच.

काय चुकलं होतं त्यांचं? चाळीस वर्षं दहा-बारा माणसांमध्ये उभं राहून त्यांनी मनातलं बोलून घेतलं होतं आणि ते कधी तिसऱ्याला गेलं नव्हतं. बैठकीकडं तोंड करून बोललो तर बैठकीलाच कळेल, असं त्यांनी धरलं. आमच्यासारख्या कुजबुजणाऱ्यांना जे भान असतं ते त्यांना कधी लागलंच नव्हतं.

चूक माझी आहे, मी म्हटलं. खातं उघडताना मी न वाचता दाबलं. मग मी त्यांचा मोबाइल आणला आणि ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा चढवून तिन्ही पर्याय दोनदोनदा वाचले, माग उघडून बघावा तसे. मी मधल्यावर बोट ठेवणार तेवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. त्या त्या गटापुरता. झालं. माझंही दार बंद झालं.

मॅचमध्ये कुणीतरी आउट झालं. उमेश वळून म्हणाला, काय चाललंय दोघांचं? मी म्हटलं, मोबाइल शिकवते आहे. तो परत वळला.

आप्पांनी ओठांनी विचारलं, त्याला सांगणार?

मी मान हलवली. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. गार्गी हात दाबते, ते तुम्हाला माहीत आहे ना?

ते ओशाळले. व्हय, म्हणाले. मग आवाजात, अगदी हळू म्हणाले, "तोंडानं न्हाई जमायचं, बाई."

पुढचे चार दिवस मी 'पार' उघडलंच नाही. दार बंद असलं तरी दारावर कान लावायची सवय वाईट, म्हणून. स्वयंपाक करताना मात्र मी गॅसकडं पाठ करून उभी राहायला लागले. भाजी दोनदा लागली. आप्पा पहिल्यांदा माझ्या बडबडीवर हसले, तेही मी वंदनाताईंच्या नवऱ्याबद्दल बोलले तेव्हा. नऊ वर्षांत मी खुद्द आप्पांबद्दल काय काय बोलून घेतलं होतं ते आठवून मला घाम फुटला. बरं झालं, ते सगळं गॅसनं ऐकलं.

पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आप्पा दारातच मोबाइल घेऊन उभे. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं आणि ते पान उघडून तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. मी निवडलेल्या माणसांना.

"ह्यात उमेशचं नाव तूच घाल."

 घातल्यावर सगळं दिसेल त्याला, पहिल्यापासूनचं, असं मी सांगितलं. रिक्षेचं सुद्धा सांगितलं. उगाच गोड बोलून त्यांना खड्ड्यात ढकलायचं नव्हतं मला.

"ठाव हाय मला," ते म्हणाले. "पोरीच्या बोटावर किती दिस चालायचं? त्याला वाचू दे. मग त्याचं तो ठरवील."

मी यादी उघडली. ती कोरी असेल असं मी धरलं होतं. तिच्यात एक नाव आधीच होतं. सुजाता मुरदंडे. त्यांनी ते मला बाहेर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी घातलं होतं, माझं मला न विचारता, कसं कुणास ठाऊक शिकून. चार दिवस दार माझ्यापुरतं उघडं होतं आणि मी शहाणपणा करून तिकडं फिरकले नव्हते. मला रडू आलं. आप्पा म्हणाले, "रडतीस काय, नाव घाल की." मी घातलं.

उमेश सहाला आला. चहा पिताना त्याचा मोबाइल वाजला. त्यानं बघितलं, कपाळाला आठ्या पडल्या, आणि कप घेऊन तो बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मी खिडकीतून बघत होते. अंगठा वर सरकत होता, थांबत होता, परत खाली येत होता. एवढा वेळ त्यानं लग्नाचे फोटोसुद्धा बघितले नव्हते. आप्पा आतल्या खोलीत गार्गीच्या पेन्सिलींना टोक काढत होते. एक झाली की दुसरी. सगळ्या झाल्यावर पहिलीपासून परत.

अंधार पडायला उमेश आत आला. "तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. कधीपासून, तर नऊ दिवस. मला वाटलं, आता भडका उडणार, त्याची उत्तरंही मी तयार ठेवली होती. पण तो तसाच जेवायला बसला, आप्पांच्या ताटाकडं बघत राहिला, आणि अर्ध्यावर उठला. आप्पा पान संपवेपर्यंत मान वर करत नव्हते. मान वर केली की दिसलं असतं, आणि दिसलं की कळलं असतं. सकाळी रिक्षावाल्याला फोन जाणार असं मी धरून चालले. रात्री मला झोप लागली ती त्याच्याशी मनातल्या मनात भांडतच.

सकाळी बाथरूमचं दार उघडलं आणि उमेश बाहेर आला. मी त्याला ओळखलं, पण क्षणभर उशिरा. त्यानं मिशी काढली होती. कॉलेजपासूनची झुपकेदार मिशी, जिच्यावरून माझ्या मैत्रिणींनी मला मांडवात छळलं होतं. तिथं आता वरच्या ओठाची पांढरट, उघडी पट्टी होती आणि तो एकदम सोळा वर्षांचा दिसत होता. हे काय, असं मी विचारलं. त्यानं मोबाइल पुढं केला. बैठकीतलंच होतं, पण मी न वाचलेलं, मधल्या चार दिवसांतलं.

'एक विचारायचे आहे. माझ्या मुलाची मिशी दाट आहे. वरचा ओठ झाकतो. मंडळी होती तोवर तो काय बोलला ते ती मला नंतर सांगत असे. ती गेल्यापासून दोन वर्षे त्याचे बोलणे मला समजलेले नाही. हो हो म्हणतो. त्याला मिशी काढ असे सांगितलेले बरे दिसेल का?'

कुणी लिहिलं होतं, काका, सांगून तर बघा, मुलगा आहे तुमचा. त्याखाली आप्पांचं उत्तर.

'नको. त्याला शोभते.'

मी मोबाइल परत दिला. उमेशनं तो खिशात घातला आणि बाहेरच्या खोलीत गेला.

आप्पा दारात उभे होते, टोपी घालून, गार्गीचं दप्तर खांद्याला, तिचा हात मुठीत. उमेशला येताना बघून त्यांनी दप्तराचा बंद घट्ट धरला. उमेशनं हात पुढं केला. आप्पांनी बंद सोडला. मुलगा दप्तर मागतो आहे असंच त्यांना वाटलं असणार, मलाही तेच वाटलं. उमेशनं बंदाला पडलेला पीळ सोडवला, तो त्यांच्या खांद्यावर नीट बसवला आणि त्यांच्या अगदी समोर, उजेडाकडं तोंड करून उभा राहिला. आप्पांची नजर तोवर त्याच्या तोंडावर गेली होती आणि तिथंच खिळली होती.

उमेश सावकाश बोलला. "आप्पा, गार्गीला शाळेत सोडून या. तुम्ही आलात की आपण दोघं कानाच्या डॉक्टरकडं जाऊ."

त्यांना कळलं. मी बाजूला उभी होते, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं कळलं. तरी ते हलले नाहीत.

"परत म्हण," ते म्हणाले.

उमेशनं परत म्हटलं. गार्गीनं त्यांचा हात ओढला, उशीर होतोय म्हणाली. आप्पांनी दुसऱ्या हातानं तिला थोपवलं. मुलाच्या तोंडावरची नजर त्यांनी काढली नाही.

"अजून एकदा," ते म्हणाले.